शांतीच्या बालकाचं धोतर

देवाचे कपडे शिवण्याच्या धंद्यात एक मोठी सोय आहे. माप देणारा हलत नाही, आणि कपडा नेल्यावर काखेत काचतंय म्हणून परत येत नाही. बुधवार पेठेत, तुळशीबागेच्या मागच्या बोळात आमचं छोटं दुकान आहे. तिथे बसून मी बत्तीस वर्षं बाळकृष्णाची अंगडी, गौरींच्या साड्या, देवीचे खण आणि गणपतीचे शेले शिवत आले आहे. दुकान सासूबाईंचं होतं, त्यांच्यानंतर माझ्याकडे आलं. शिवायला बसण्याआधी आंघोळ, आणि शिवताना तोंडात टाचण्यांखेरीज काही नाही, हे त्यांनी घालून दिलेले दोन नियम मी आजवर मोडलेले नाहीत. अशा बाईने युरोपात जाऊन नेमकं काय पाहावं, हे वर कुणीतरी फार विचार करून ठरवलं असावं.

आमची रेवती कॉम्प्युटर इंजिनिअर. हिंजवडीच्या एका कंपनीत लागली आणि दोन वर्षांत कंपनीने तिला बेल्जियमला, ब्रुसेल्समधल्या एका बँकेच्या कामावर पाठवलं. दोन महिन्यांसाठी म्हणून गेली, तिला तिसरं वर्ष लागलं. या काळात तिने आम्हाला दोनदा बोलावलं. पहिल्यांदा गौरी-गणपतीच्या ऑर्डरी होत्या, दुसऱ्यांदा अधिक महिना होता. दोन्ही कारणं खरी होती, पण त्यांच्या पाठीमागे तिसरं होतं, की तिथे जाऊन मी करू काय? हात रिकामे ठेवून बसायची मला सवय नाही.

मग एका रविवारी तिचा फोन आला. म्हणाली, आई, या वेळी तुझ्यासाठी ऑर्डरच आहे.

तिने सांगितलं ते असं. ब्रुसेल्समध्ये एका लहान मुलाचा कांस्याचा पुतळा आहे. देशाचं ते भूषण. जगभरचे लोक त्याला आपापल्या रीतीचे पोशाख देतात, असे शेकड्यांनी पोशाख त्याच्याकडे आहेत. तिथल्या मराठी लोकांच्या मंडळाने त्याला मराठी पोशाख द्यायचं ठरवलं होतं, सहा महिने पत्रव्यवहार करून रेवतीने परवानगी मिळवली होती, आणि शिवणार कोण या प्रश्नाला तिने सगळ्यांसमोर माझं नाव सांगून टाकलं होतं. अट एकच, की पोशाख घेऊन मी स्वतः यायचं.

आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले आहेत; घरात मात्र रोज एक तास घेतात. त्यांनी रिसीव्हर हातात घेऊन पुतळ्याचं नाव विचारलं. रेवती म्हणाली, मानेकन पिस. फोन ठेवल्यावर मास्तरांनी मला अर्थ समजावून दिला. मानेकन म्हणजे दुकानात कपडे घालून उभा करतात तो पुतळा. पिस म्हणजे पीस, शांतता. दोन महायुद्धांत बेल्जियमची भूमी भाजून निघाली, तेव्हा त्या लोकांनी उभारलेला हा शांतीचा बालक. मला पटलं. न पटण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

पुतळ्याचा फोटो रेवतीने ईमेलने पाठवला. तो आम्ही अप्पा बळवंत चौकातल्या सायबर कॅफेत छापून घेतला. फोटोत मुलाच्या अंगावर कुठल्याशा पलटणीचा कोट होता, आणि कमरेपासून खाली एक बारीक पांढरी रेघ उतरली होती. कॅफेवाला म्हणाला, शाई संपत आलीय, आज सगळ्यांच्याच कागदावर रेघ येतेय. मापाचा कागदही आला. छाती, कंबर, बाही, सगळं नीट लिहिलेलं, आणि पुढच्या बाजूला कमरेखाली एक छोटं वर्तुळ काढून शेजारी फ्रेंचमध्ये काहीतरी. मी फोनवर विचारलं तर रेवती म्हणाली, ते तू इथे आलीस की बघू. मूर्ती बसवायला कुठे सळई, कुठे मळसूत्र असतं, तसलं काही असेल असं मी धरून चालले.

शांतीचा बालक म्हणून मी सगळं पांढरं घेतलं. तलम मलमलीचं जरीकाठी धोतर, त्याच्या निऱ्या आधीच शिवून घेतलेल्या. बंदांचा अंगरखा, उपरणं, आणि रंग म्हणून डोक्याला मोसंब्याएवढी लाल पगडी. महिनाभर दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक तो पोशाख पाहून गेलं. मास्तरांनी तर बागेतल्या ज्येष्ठ नागरिकांपुढे 'युरोपातील शांतिबालक' या विषयावर अर्धा तास व्याख्यान दिलं. दोघा-तिघांचे डोळे पाणावले होते म्हणे.

विमानतळावर

ब्रुसेल्सला उतरल्यावर तिथल्या तपासणीत आमची मोठी बॅग उघडली. वर भाकरवडीची पाकिटं, खाली लसणाची चटणी आणि तिच्याखाली पितळी डब्यात पोशाख. अधिकाऱ्याने ते वीतभर धोतर दोन बोटांत धरून उचललं आणि आमच्याकडे पाहिलं. मास्तरांनी शाळेत इन्स्पेक्टरपुढे बोलत तशा इंग्रजीत सांगितलं, की हा तुमच्या पुतळ्याचा पोशाख आहे. त्याला कळेना. मास्तरांनी 'मानेकन पीस' असं नाव घेतलं, तेव्हा मात्र त्याचा चेहरा खुलला. त्याने शेजारच्या सहकाऱ्याला हाक मारून धोतर दाखवलं, दोघे पोट धरून हसले, आणि चटणीकडे न बघता त्यांनी बॅग बंद करून दिली.

बाहेर पडताना मास्तर म्हणाले, "बघितलंस, शांततेचं नाव घेतलं की माणसं कशी मोकळी होतात."

रेवती न्यायला आली होती. बारीक झाली होती. मला मिठी मारली ती जरा जास्तच वेळ, आणि मास्तरांनी पुतळ्याचा विषय काढला तेव्हा तिने त्यांना टॅक्सीच्या खिडकीतून एक चर्च दाखवलं.

तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना इतका उभा की बॅगेतली एकेक वस्तू काढून वर न्यावी असं वाटलं. दिवस जूनचे होते. मास्तर दिवेलागणीनंतर जेवणारे, त्यामुळे ते अंधाराची वाट बघत बसले. साडेनऊला मी हट्टाने पानं घेतली तेव्हाही बाहेर लख्ख ऊन होतं आणि समोरच्या गॅलरीत एक बाई कुंड्यांना पाणी घालत होती.

कोपऱ्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवतीने आम्हाला शहर दाखवायला नेलं. मधला मोठा चौक पाहून मी खरोखर जागीच थांबले. चारी बाजूंनी दगडी नक्षीच्या उंच इमारती, त्यांवर सोन्याचा मुलामा. मास्तरांनी माहितीपुस्तक वाचून सांगितलं, की हा चौक एका युद्धात तोफांनी जवळजवळ सगळा जाळला होता आणि लोकांनी पाच वर्षांत परत बांधला. मग पुस्तक मिटून म्हणाले, की आपला शनिवारवाडा जळला, तर आपण त्याच्या समोर पार्किंग केलं.

चौकातून एका अरुंद गल्लीत शिरलो. साखर करपल्यासारखा गोड वास येत होता, तो लोखंडी साच्यात भाजायच्या वॅफल नावाच्या पदार्थाचा. दोन्ही बाजूंना चॉकलेटची दुकानं होती, आणि प्रत्येक दुकानाच्या काचेत एक नागवं पोर उभं होतं. कुठे चॉकलेटचं, कुठे पितळेचं, कुठे बाटलीचं बूच काढायच्या हत्याराला जोडलेलं. मी रेवतीला विचारलं, हा कोण गं उघडा? ती म्हणाली, आलंच आता.

कोपऱ्यावर ही गर्दी होती. सगळ्यांचे कॅमेरे वर रोखलेले. आम्हीही वर पाहिलं. दगडी कोनाड्यात, लोखंडी जाळीच्या आत, दीड-दोन फुटांचा काळसर मुलगा पोट पुढे काढून उभा होता. अंगावर सूतभर कपडा नव्हता, आणि देशोदेशीच्या माणसांसमोर तो अगदी निवांत लघवी करत होता. पाण्याची धार कमानीसारखी खालच्या कुंडात पडत होती.

मास्तरांनी चष्मा पुसला.

"हा कायम असाच असतो?"

"हो बाबा. दिवसरात्र."

"म्हणजे पीस म्हणजे..."

"तेच, बाबा."

मला मापाच्या कागदावरचं ते वर्तुळ आठवलं. सायबर कॅफेतली पांढरी रेघ आठवली, विमानतळावरचे ते दोघे आठवले. मास्तरांना बहुधा बागेतले ज्येष्ठ नागरिक आठवत असावेत, कारण ते शेजारच्या पायरीवर खाली बसले. मी फार रागावले की बोलत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. रेवतीने वॅफल आणून हातात दिलं, ते मी धरून ठेवलं. त्यावरचं क्रीम वितळून माझ्या पदरावर आलं, तरी मी धरूनच होते.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात मी तोंड उघडलं. तिला म्हटलं, की ज्या सुईने मी बाळकृष्णाला अंगडं शिवते त्याच सुईने, त्याच नेमाने मी हे शिवलं. आंघोळ करून शिवलं. आणि तू मला फसवलंस.

"सांगितलं असतं तर तू शिवलं नसतंस," रेवती म्हणाली.

"नसतंच शिवलं."

"आणि शिवलं नसतंस तर आलीही नसतीस. आई, मी दोनदा बोलावलं तुला. हे घर दाखवायचं होतं, ऑफिस दाखवायचं होतं. माझ्यासाठी ये म्हटलं की तुझं दुकान आड येतं. म्हणून मग कामासाठी ये म्हटलं."

मी घासलेली कढई पुन्हा घासायला घेतली. थोड्या वेळाने एवढंच म्हटलं, की पोशाख तयार आहे, तो घे, पण त्याला भोक पाडायला मी कात्री लावणार नाही. दुसऱ्या कुणाकडून कापून घे. ती म्हणाली, तुझ्या कापडाला दुसऱ्या कुणाची कात्री लागलेली मला चालणार नाही, त्यापेक्षा मी मंडळाला कळवते की पोशाख झाला नाही. कार्यक्रम शनिवारी होता. तिच्या बँकेतले साहेब येणार होते, मंडळाची पन्नास माणसं येणार होती, बोलावणी गेली होती. हे सगळं ती शांतपणे बोलली आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.

मास्तरांचं संशोधन

मास्तरांचं मात्र एक बरं आहे. त्यांना कसलाही धक्का बसला की ते त्याचा इतिहास शोधू लागतात. सकाळी उठून म्हणाले, एखादं अख्खं शहर आपला मानबिंदू म्हणून असल्या पोराला उभं करतं, त्याला काहीतरी सबळ कारण असणार. आणि वही घेऊन निघाले. मी घरात रेवतीच्या बंद दाराकडे बघत बसण्यापेक्षा त्यांच्याबरोबर गेलेलं बरं, म्हणून गेले.

खालच्या मजल्यावर राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईंना थोडं इंग्रजी येत होतं. त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, की शत्रूने शहराच्या भिंतीखाली दारू पेरली होती, वात पेटवली होती, तेवढ्यात हा मुलगा तिथे आला आणि त्याने नैसर्गिक रीतीने ती विझवली, शहर वाचलं. मास्तरांनी लिहून घेतलं. चॉकलेटच्या दुकानातली मुलगी म्हणाली, छे, तो तान्हा राजा होता. बाप मेला, लढाई तोंडावर आली, सैन्याला धीर यावा म्हणून सरदारांनी बाळाला टोपलीत घालून झाडाला टांगलं. त्याने वरून शत्रूच्या सैन्यावर धार धरली आणि लढाई जिंकली. मास्तरांनी तेही लिहिलं. पण वर्ष, लढाईचं ठिकाण, झाडाची जात असे प्रश्न विचारल्यावर तिने आम्हाला एकेक चॉकलेट दिलं आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळली.

दुपारी एका गाडीवर बटाट्याच्या तळलेल्या काड्या घेतल्या. इथे त्या अंड्याच्या पांढऱ्या सॉसबरोबर खातात. आम्ही अंडं खात नाही, म्हणून मी पिशवीतून लसणाची चटणी काढली. गाडीवाल्याला कुतूहल वाटलं, त्याने काडी बुडवून खाल्ली. पहिल्यांदा त्याने डोळे पुसले, मग टोपी काढली, मग अजून थोडी मागितली. त्याच्या मते मुलाने एका चेटकिणीच्या दारात लघवी केली होती आणि तिने रागाने त्याला तिथल्या तिथे दगड करून टाकलं. मास्तर म्हणाले, पण पुतळा तर कांस्याचा आहे. आणि याला पुरावा काय?

गाडीवाला म्हणाला, "पुरावा कोपऱ्यावर उभा आहे, साहेब. चोवीस तास."

परतताना मास्तर वही मिटून म्हणाले, की या देशात पुतळ्याचा इतिहास माणसागणिक बदलतो आणि कुणी कुणावर दगड मारत नाही. त्यात कौतुक जास्त होतं की तक्रार, मला सांगता येणार नाही.

पोशाखवाले यानराव

गुरुवारी रेवती आम्हाला पोशाखांच्या संग्रहालयात घेऊन गेली. आमच्यात जेवायला चला, पाणी घे एवढंच बोलणं चालू होतं. तिथे पुतळ्याला कपडे घालणारे एक गृहस्थ भेटले. पासष्टीचे, निळा एप्रन, खिशाला टाचण्यांची गादी. नाव यान; आम्ही लगेच त्यांचं यानराव केलं. पोशाख आणला का, असं त्यांनी विचारलं. मी तो मुद्दाम बरोबर घेतला नव्हता. रेवतीने आपल्या पिशवीतून डबा काढला.

यानरावांनी अंगरखा हातात घेतला आणि सगळ्यात आधी उलटा केला. शिवणारं माणूस कपडा आतून बघतं. त्यांनी अस्तराची शिवण बोटाने चाचपली, बंदांची टोकं पाहिली, धोतराचा काठ उजेडात धरला आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. चार दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं.

मग त्यांनी मला कपाटं दाखवली. शिपायांचे, आचाऱ्यांचे, खलाशांचे, कुठल्याशा बेटावरच्या राजाचे, किती तरी पोशाख. एक जुना जरीचा कोट होता, तो म्हणे एका फ्रेंच राजाने दिला, त्याच्या शिपायांनी पुतळा पळवायचा प्रयत्न केला म्हणून माफी मागताना. कोटाबरोबर मानाचं पदकही दिलं, त्यामुळे पुढे शिपायांना या पोराला सलाम करावा लागे. यानराव प्रत्येक पोशाखाची पुढची बाजू उलगडून दाखवत होते. प्रत्येकाला ती जागा ठेवलेली होती, कुठे बटणपट्टीत, कुठे झालरीखाली. कुणी बारीक टाके घालून केली होती, कुणी नुसती कात्री चालवली होती. कात्री चालवलेल्यांकडे त्यांनी नापसंतीने पाहिलं, आणि मीही.

मास्तरांनी आपला प्रश्न काढला. रेवती मध्ये बसून उलगडून सांगत होती. यानराव हसले. म्हणाले, खरं कारण अगदी साधं आहे. या भागात लोकांना पाणी नव्हतं, म्हणून नगराने इथे नळ बसवला. कारागिराला पाणी कुठून तरी काढायचं होतं, त्याने ते तिथून काढलं. लोक कित्येक वर्षं इथून घागरी भरून नेत. गोष्टी सगळ्या मागाहून आल्या.

"प्यायचं पाणी?" मास्तरांनी विचारलं.

"प्यायचं," यानराव म्हणाले.

पण मग ते म्हणाले, की मला स्वतःला त्यातली व्यापाऱ्याची गोष्ट आवडते. व्यापाऱ्याचं लहान पोर शहराच्या गर्दीत हरवलं. बाप वेड्यासारखा शोधत होता. तो म्हणाला, पोर मला ज्या अवस्थेत सापडेल त्याच अवस्थेत त्याची मूर्ती इथे उभी करीन. पोर सापडलं ते या कोपऱ्यावर, हे करताना. बापाने शब्द पाळला.

आम्ही ट्रामची वाट बघत उभे होतो तेव्हा मास्तर एकदम रेवतीला म्हणाले, तुला बाहुलीचा हौद माहीत आहे का, फडके हौदाजवळचा? तिला नुसतं नाव माहीत होतं. माझं रोजचं जाणं-येणं तिथूनच, पण मलाही त्याहून जास्त काही माहीत नव्हतं. मास्तरांनी सांगितलं, की पुण्यात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका डॉक्टरांची लहान मुलगी गेली. त्या बापाने तिच्या नावाने हौद बांधला, त्यावर बाहुली बसवली आणि पाणी सगळ्या जातींना मोकळं केलं. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती.

"तोही पाण्यासाठी आणि हाही पाण्यासाठीच," मास्तर म्हणाले. "पण इथल्या बापाला पोर सापडलं. म्हणून हे लोक हसू शकतात."

ट्राम आली. मला बसायला जागा मिळाली, रेवती दांडा धरून माझ्यापुढे उभी राहिली. तिच्या हाताकडे लक्ष गेलं. मनगटावर भाजल्याचा एक जुना डाग होता. मी विचारलं, हे कधी? ती म्हणाली, पहिल्या हिवाळ्यात, पोळ्या करताना. फोनवर ती कधी बोलली नव्हती. मीही विचारलं नव्हतं; रविवारच्या फोनवर मी तिला बहुतेक वेळा दुकानाचंच सांगत असे.

घरी गेल्यावर मी आंघोळ केली आणि खिडकीशी बसून डबा उघडला. रेवतीला म्हटलं, "सुई ओवून दे. मला दिसत नाही."

कापड कापलं नाहीच. मधल्या निरीची शिवण चार बोटं उसवली आणि तिच्या दोन्ही कडांना रेशमी दोऱ्याने काज घातलं, शर्टाच्या बटणाला करतात तसंच, फक्त लांब आणि निरीच्या आड लपलेलं. काम तासाभराचं होतं. आम्हाला चार तास लागले, कारण रेवती सुई ओवता ओवता बोलत होती. पहिल्या वर्षी ऑफिसात तिच्याबरोबर कुणी जेवायला बसत नसे. मग तिने एका कार्यक्रमात चकल्या नेल्या. बर्फात दोनदा घसरून पडली. इथे अजून एक वर्ष राहायचं की परत यायचं, ते ठरत नव्हतं. मी सल्ला दिला नाही. तोंडात टाचण्या होत्या.

शनिवार

कार्यक्रमाला बँड होता. मंडळातल्या दहा-बारा मुलामुलींनी लेझीम बसवलं होतं, पायांत बूट आणि डोक्याला फेटे. बँकेचे साहेब करड्या सुटात पहिल्या रांगेत उभे होते आणि रेवतीने त्यांना माझी ओळख करून दिली, तेव्हा त्यांनी दोन्ही हात जोडले. यानरावांनी शिडीवर चढून पडद्याआड पोशाख चढवला होता. भाषणं झाली, पडदा ओढला, आणि काय सांगू, पोर देखणं दिसत होतं. पांढरं स्वच्छ धोतर, अंगरखा, खांद्यावर उपरणं. टाळ्या झाल्या. मग कुणीतरी पाणी सोडलं.

धार आलीच नाही. सगळे मान वर करून थांबले. बँडवाल्यांनी वाजवायची तयारी करून वाद्यं तोंडाशी धरली होती, ती तशीच राहिली. धोतराच्या मधोमध एक ओला डाग दिसू लागला आणि तो हळूहळू खाली उतरू लागला. कुणी हसलं नाही, तेच जास्त वाईट होतं. रेवतीचा चेहरा पांढरा पडला. मला कळलं होतं. मलमल तलम, निरी वळून काजावर आली होती, आणि पाणी आतल्या आत फिरत होतं. शिडीजवळ उभ्या यानरावांनी माझ्याकडे पाहिलं, आणि शिडी धरून ते बाजूला झाले.

मी पदर खोचला आणि चढले. साठीला आलेली बाई परमुलखात शिडीवर, हे मास्तरांना आवडणार नाही असं वाटलं होतं, पण खालून त्यांचा आवाज आला, "सावकाश गं, तिसरी पायरी हलते." मी निरी दोन बोटांनी धरली, बाजूला केली आणि काज मोकळं करून दिलं.

साठलेलं सगळं पाणी एकदम सुटलं. ते कुंडात न पडता जाळीवरून बाहेर गेलं आणि पहिल्या रांगेत बँकेच्या साहेबांच्या करड्या सुटावर पडलं. साहेबच पहिले हसले आणि मग सगळा कोपरा हसला, बँड वाजायला लागला, लेझीम सुरू झालं. साहेबांनी चेहरा पुसत रेवतीला सांगितलं, की माझा जन्म या शहरात झाला, पण हा मान मला आज मिळाला. मी अजून शिडीवरच होते. बत्तीस वर्षं मी देवांना कपडे शिवते आहे, पण अंगावर चढवल्याबरोबर कुणी त्यांचा असा उपयोग केल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते. वरून मला रेवती दिसली. दोन्ही हातांनी पोट धरून, वाकून हसत होती, आणि साहेबांना माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होती. शब्द ऐकू आले नाहीत, पण त्यात 'आई' होतं एवढं ओठांवरून कळलं.

आम्ही त्यानंतर आणखी तीन आठवडे राहिलो. मी तिचं ऑफिस पाहिलं, तिच्या टेबलाशी बसले, तिच्या सगळ्या पडद्यांना काठ शिवले.

परत पुण्यात

येताना विमानात एकच विषय होता, की आता पेठेत सांगायचं काय? मास्तरांनी तो आपल्या परीने सोडवला. बागेतल्या फळ्यावर त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, की मागील व्याख्यानात 'पीस' या शब्दाचा अर्थ चुकीचा सांगितला गेला, दुरुस्ती गुरुवारी सायंकाळी. पहिल्यापेक्षा दुप्पट माणसं आली आणि कुणाच्याही डोळ्यांत हसण्याखेरीज दुसरं पाणी आलं नाही.

मला मात्र धाकधूक होती. माझं गिऱ्हाईक देवाचं. कार्यक्रमाचा फोटो मी गल्ल्याखालच्या खणात ठेवून दिला आणि कुणी विचारलं तर प्रवास छान झाला एवढंच सांगत असे. श्रावणाच्या आधी सदाशिव पेठेतल्या परांजपेबाई आल्या. वय ऐंशीच्या घरात, सोवळं कडक, आणि त्यांच्या बाळकृष्णाच्या अंगड्याला आजवर एक टाका तिरका चाललेला नाही. त्या बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, ऐकलंय मी सगळं, फोटो काढा.

मी काढून दिला. त्यांनी पर्समधून दुसरा चष्मा काढून लावला आणि फोटो उजेडाकडे धरला. बोळातून एक स्कूटर गेली, हातगाडी गेली. त्या बघतच होत्या. मी खाली मान घालून दोरा गुंडाळायला घेतला.

"पगडी डावीकडे कललीय," त्या म्हणाल्या, फोटो माझ्या हातात दिला आणि बाळकृष्णाचं माप सांगायला सुरुवात केली.

मी माप लिहून घेतलं. त्या गेल्यावर फोटो नीट पाहिला. कलली होती.